थोताउचा कौल

ह्वालिएन,
२० मार्च १९९४

ती. दादास,
छाइहाचा सा. न. वि. वि.

तुला फोनवर काही सांगायचं म्हणजे तुला सोडून साऱ्या गल्लीला सांगणं. तेव्हा पुन्हा कागदच पुढे ओढला. मी परवा संध्याकाळी सुखरूप पोचले. ह्यांचा गुडघा सुजलेलाच आहे. बारा दिवस मी घरात नव्हते तर स्वयंपाकघरात शेवयांच्या रिकाम्या पाकिटांखेरीज काही सापडलं नाही. बायको भावाच्या अंत्यविधीला गेली की नवरे असेच जगतात.

तेकसेंग गेला हे अजून खरं वाटत नाही. तिघांत धाकटा तो. अठ्ठावन्न हे काय जायचं वय झालं? पण त्याहूनही डोक्यातून जात नाही ते सातव्या दिवसाचं. किमहोंगने नवऱ्याच्या फोटोपुढे कौलाच्या चंद्रकोरीसारख्या दोन्ही लाकडी कोरी हातात धरल्या आणि त्याचा पोपट कुणी न्यावा म्हणून एकेक नाव घेत गेली. मुलीचं घेतलं, दोन्ही कोरी पालथ्या. माझं घेतलं, पालथ्या. शेजारच्या देवळातल्या म्हाताऱ्याचं घेतलं, पालथ्या. शेवटी कुणीतरी कंटाळून तुझं नाव सुचवलं आणि एक कोर उताणी, एक पालथी. उजवा कौल, तोही लागोपाठ तीनदा. नऊ वर्षं ज्याने तुझं नाव तोंडातून काढलं नाही, त्याने मेल्यावर आपला जीव की प्राण तुझ्या गळ्यात बांधला.

तू काही न बोलता पिंजरा उचललास ते मी बघत होते. टेम्पोत बसेपर्यंत बोटाला गुंडाळलेला रुमाल लाल झाला होता तेही बघितलं. वीस वर्षांपूर्वी तेकसेंगने तो पोपट आफ्रिकेच्या बंदरातून टूनाच्या बोटीवर आणला, तेव्हा तळहातावर मावत होता म्हणे. नावाला थोताउ, म्हणजे शेंगदाणा, आणि चोच अडकित्त्याची. दादा, तुझ्या रक्तातली साखर किती आहे ते तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. बोटाला जखम झाली की दुसऱ्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. आठ दिवस हळद, तंबाखू आणि हट्ट लावून बसायचं नाही.

किमहोंग मुलीकडे काओश्युंगला सातव्या मजल्यावर राहायला गेली. तिथे पोपट ओरडला तर चारी बाजूंचे शेजारी अंगावर येतील. तेव्हा तिच्याकडे परत पाठवायचा विचार नाही, हे आधीच सांगते. पण तुझं तू कसं काय निभावणार आहेस ते कळव.

ह्यांचा नमस्कार. माझ्यावरचा लोभ त्या पक्ष्यामुळे उणा होऊ देऊ नकोस.

तुझी,
छाइहा


ताइनान,
६ एप्रिल १९९४

चि. सौ. छाइहास,
अ. आ.

पत्र पावलं. काल पितरांचा सण, आईबाबांच्या अस्थींच्या कलशांपाशी जाऊन झाडलोट करून आलो. गर्दी फार होती. कागदी पैसे जाळून होईपर्यंत पाय भरून आले. येताना बसायला जागा असलेली बस मिळाली नाही, उभाच आलो. वय झालं हे आता बसमधली पोरंच आपल्याला कळवतात, उठून किंवा न उठून.

पोपटाचं विचारतेस. पुढच्या खोलीत, जिथे पूर्वी आपलं पत्र्याचं दुकान होतं, तिथेच आईच्या देव्हाऱ्यासमोर त्याचा पिंजरा ठेवला आहे. तेकसेंगचं लेकरू आईच्या नजरेखाली राहावं, एवढाच हेतू. लेकरू कसलं, मोठा दांडगा आहे. अंगाने राखाडी, शेपटी लाल, आणि छातीवरची पिसं स्वतःच उपटून टाकलेली. सोललेल्या कोंबडीच्या छातीवर ऐटबाज डोकं बसवावं तसं ध्यान दिसतं. मी दाण्याची वाटी आत सरकवली की बुबुळं बारीक करतो, मान खाली घालतो, आणि मला वाटतं आता मान खाजवून घेणार. तेवढ्यात बोट धरतो. धरतो आणि वर मुरगळतो. जुने चामड्याचे हातमोजे काढले, ज्यांनी मी तापलेला पत्रा धरायचो. ते बघून तर त्याने पिंजऱ्याच्या छताला लटकून असं काही अंग आपटलं की मीच ते फेकून दिले.

दिवसभर माझ्याकडे बघत चोच उघडझाप करत असतो. सकाळी पेज घेऊन बसलो की विशेष. मला ऐकू येत नाही हे एक बरं, शिव्याच देत असणार. बोटीवर वाढलेला. कचऱ्याच्या गाडीची धून मात्र हुबेहूब वाजवतो म्हणे. मागच्या आठवड्यात भर दुपारी साऱ्या गल्लीतल्या बायका पिशव्या घेऊन बाहेर येऊन उभ्या राहिल्या. गाडी काही येईना. समोरची तोफूवाली माझ्या दारात येऊन हातवारे करून सांगू लागली की तुमच्या पाहुण्याला आवरा, नाहीतर पिशव्या तुमच्याच दारात ठेवतो.

मी रोज सकाळी कौल लावतो. थोरल्याने धाकट्यापुढे हात जोडायचे नसतात, म्हणून आईमार्फत विचारतो की तेकसेंगचा राग गेला का बघ. अजून एकदाही उजवा पडला नाही. एकदा दोन्ही कोरी उताण्या पडल्या, म्हणजे आई आणि तेकसेंग वर बसून हसले. मग मी उठून पोपटाला दाणे घालायला जातो आणि तो जे काय करतो त्यावरून आईचं उत्तर खरंच असणार असं वाटतं.

थकलो आहे ग. पण ज्याने दिला तो आता परत घ्यायला नाही.

तुझ्या यजमानांच्या गुडघ्याला आल्याचा शेक दे. लोभ आहेच, मुद्दाम काय लिहायचं.

तुझा,
खुनहाइ


ह्वालिएन,
१९ एप्रिल १९९४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. सोललेल्या कोंबडीपर्यंत आले तेव्हा हे हसले, आणि आम्ही बऱ्याच दिवसांनी एकत्र हसलो.

आमच्या मागच्या आळीत श्यू मास्तर म्हणून आहेत. शाळेतून निवृत्त झाल्यापासून घरभर पक्षी. त्यांच्याकडे एक दिवस जाऊन बसले आणि त्यांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. हातमोजे घालायचे नाहीत. त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही, कारण टक लावून मांजर बघतं. पिंजऱ्याशेजारी तिरपं बसून वर्तमानपत्र वाचायचं, आणि दाणा लांब दांड्याच्या चमच्याने द्यायचा. चावला तर ओरडायचं नाही, हात झटकायचा नाही, नुसतं उठून जायचं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, तो बोलला तर उत्तर द्यायचं. हे पक्षी थव्यात वाढलेले, हाक मारतात आणि ओ येते का बघतात. ओ आली नाही की त्यांना वाटतं आपण परक्यांत पडलो.

हे शेवटचं तुला कसं जमणार? ते कानातलं यंत्र तीन वर्षं खणात पडलं आहे. ते शिट्टी वाजवतं, डोकं उठवतं, सगळं मला पाठ आहे. तरी घाल.

आता रागावणार असशील तर रागाव. मी किमहोंगशी बोलले आहे. पिंगतुंगकडचा एक पक्षीवाला जोड्या लावतो, तो थोताउला न्यायला तयार आहे. शंभराव्या दिवसाचे विधी दहा जूनला आहेत. तोपर्यंत तो तुझ्या हातावर आला नाही तर पक्षीवाला येऊन घेऊन जाईल. अंधाऱ्या खोपटात राहील, मला माहीत आहे. पण तुझा हात कापून घ्यायची वेळ येऊ देणार नाही.

आणि तेकसेंगच्या रागाचं सारखं काय काढतोस? आईच्या अस्थी मातीतून वर काढून कलशात ठेवायच्या होत्या, तू मुहूर्त धरलास, त्याची बोट तीन आठवडे उशिरा आली, तो चिडला. आपलेच दात आपलेच ओठ. पुढच्या वर्षी तो स्वतःच आला होता की तुझ्या दारात, नववर्षानंतर दुकान उघडायच्या दिवशी. दादा, जेवलास का, असं विचारलं आणि तू मान खाली घालून पत्रा ठोकत राहिलास. तो तसाच माघारी गेला. नऊ वर्षं मी त्याला सांगत आले की अरे, दादाला ऐकू येत नाही, त्याने मुद्दाम केलं नाही. त्याला ते किती पटलं कोण जाणे.

हात सांभाळ. मायेत अंतर पडू नये.

तुझी,
छाइहा


ताइनान,
४ मे १९९४

चि. सौ. छाइहास,
अ. आ.

मास्तरांचं निम्मं खरं निघालं. दुपारी वर्तमानपत्र घेऊन बसतो तेव्हा तो खाली दांडीवर उतरून माझ्या बाजूला येतो. चमच्यातून पेरूच्या बिया घेतो. काल एक बी सांडली तर खाली वाकून बघितलं, मीही बघितलं, दोघांनाही मिळाली नाही. दुपारी माणसासारखा असतो. सकाळी मात्र सैतान. असं का, ते मास्तरांना विचार.

परवा सकाळी कौल लावून झाल्यावर चमचा सापडेना म्हणून वाटी हातानेच ठेवली. डाव्या हाताचं मधलं बोट गेलं म्हणायचं. पाच टाके पडले आणि नख काळं पडलं. डॉक्टर कालच्या पोराएवढा आहे, पण बोलतो बापासारखा. कागदावर लिहून दिलं की साखर अशीच राहिली आणि पुन्हा त्याच जागी लागलं तर पेर काढावं लागेल, मग मला दोष देऊ नका.

शंभराव्या दिवसाचं तू ठरवलंस ते ठरवलंस. माझ्याने भांडवत नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही असं तू म्हणायचीस, तर आता पीळही सैल झाला आहे असं समज. पण खोपट अंधारं असतं हे तू लिहायला नको होतंस.

जुनं काढू नकोस. आपण आयुष्यात एकदा उकरलं, त्याचंच पुरे झालं.

यजमानांना विचारल्याचं सांग. आशीर्वाद तर आहेतच.

खुनहाइ


ह्वालिएन,
१८ मे १९९४

चि. किमहोंग हिस,
अनेक आशीर्वाद.

टाके पडल्याचं कळल्यावर राहवेना. ह्यांना शेजारणीच्या हवाली केलं आणि चार दिवस ताइनानला जाऊन आले. दादा वाळला आहे. बोटाला हे एवढं बांधलेलं, आणि घरात त्या पोपटाशिवाय कुणी नाही. तरी पिंजरा लखलखीत आहे, दांड्या पेरूच्या ताज्या फांद्यांच्या आहेत, आणि दादाची स्वतःची चादर मात्र दोन महिन्यांत धुतलेली नाही.

आता जे बघितलं ते तुला सांगायचं आहे, कारण त्याचा अर्थ तुलाच लागेल. पहिल्या दिवशी सकाळी मी मागच्या खोलीत होते. पोपट पुढे बोलत होता. अगदी शहाण्यासारखा, आपल्या तेकसेंगच्या आवाजात. किमहोंग, माझ्या हातातलं भांडं पडलं. दादाकडे बघितलं तर तो पेज खात होता. त्याला काहीच नाही. तेकसेंग खोलीत बोलतो आहे आणि थोरला भाऊ त्याच्या हाताएवढ्या अंतरावर बसून खारवलेल्या मुळ्याचं ऑम्लेट चघळतो आहे.

मग दादाने देव्हाऱ्यापुढे गुडघे टेकले आणि कौल लावला. कोरी फरशीवर पडल्या, खट् खट्. त्याच क्षणी थोताउ पिंजऱ्याच्या मागच्या गजांना चिकटला. पिसं अंगाशी घट्ट, बुबुळं टाचणीएवढी. आणि तेकसेंगच्याच आवाजात, पण आधीच्या नव्हे, दुखऱ्या आवाजात म्हणाला की परत नाही. दादाने कोरी उचलून पुन्हा टाकल्या. पोपट पुन्हा म्हणाला, परत नाही. यानंतर दादा वाटी घेऊन त्याच्याकडे निघाला. मी वाटी हिसकून घेतली, म्हणून त्या दिवशीची जखम टळली.

चारही दिवस हेच. दुपारी तो गरीब असतो, कारण दुपारी कौल नसतो. दादा कोरी टाकतो त्याचा आवाज त्याला स्वतःला येत नाही, आणि जो घाबरतो त्याचाही येत नाही. मी त्याला अजून काही बोलले नाही. आधी मला कळू दे. तेकसेंग त्या कोरींना काय विचारत होता? आणि पोपटाला त्यांचं काय एवढं भय?

दुखवट्यात तुम्ही होड्यांच्या सणाला पानात भात बांधणार नाही, तेव्हा तुझ्या वाटणीचा मीच पाठवीन. लेकीला आशीर्वाद. मोकळं मन करून लिही.

तुझी,
छाइहा


काओश्युंग,
२४ मे १९९४

ती. वन्संना,
किमहोंगचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र लेकीने वाचून दाखवलं नाही, मीच वाचलं. दोन दिवस उत्तर लिहायचा धीर झाला नाही.

वन्सं, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण त्यांनी शपथ घातली होती. आता शपथ घालणाराच राहिला नाही. थोरल्या भाऊजींच्या दारातून माघारी आल्यावर ते वर्षभर काही बोलले नाहीत. मग बोट सोडून घरी राहायला लागले तेव्हा अमावास्या-पौर्णिमेला आईंच्या फोटोपुढे कौल लावायला लागले. एकच प्रश्न. दादाकडे पुन्हा जाऊ का? एक उजवा पडायचा, कधी दोन. लागोपाठ तीन हवेत असा त्यांचा हट्ट. तीन कधी पडले नाहीत. मी एकदा म्हटलं की अहो, कोरींना काय विचारता, चार तासांचीसुद्धा वाट नाही, बस पकडून जा. तर म्हणाले, पहिल्यांदा गेलो तेव्हा न विचारता गेलो होतो, त्याचं काय झालं ते तुला माहीत आहे.

डावा पडला की परत नाही, असं म्हणायचे, म्हणजे याही वेळी आईंचा नकार. पोपट तेच शिकला. आणि शेवटच्या दोन वर्षांत दुखणं वाढल्यावर राग अनावर व्हायचा, तेव्हा कोरी उचलून भिंतीवर फेकायचे. दोनदा पिंजऱ्यावर आदळल्या. एकदा त्याच्या पंखाला लागलं. मग स्वतःच रडायचे, त्याला छातीशी धरायचे, मध चाटवायचे. दुसऱ्या पंधरवड्याला पुन्हा तेच. पिसं उपटायला तो तेव्हाच लागला. मी हे कुणाला कसं सांगणार होते? मेलेल्या माणसाचं वाईट बोलू नये म्हणतात, आणि ते वाईट नव्हते हो.

सकाळी ते त्याला जी हाक मारायचे तीही तो बोलतो का? बोलत असेल तर भाऊजींना ऐकू द्या. माझ्याने ती ऐकवत नव्हती, म्हणून मी त्याला सांभाळू शकले नाही. सातवा मजला हे लोकांना सांगायला.

पक्षीवाल्याने बारा तारीख दिली आहे. नको म्हणायचं तर तुम्ही सांगा, मी दोन्हीला तयार आहे. मोठ्यांनी पदरात घ्यावं.

तुमची,
किमहोंग


ह्वालिएन,
२७ मे १९९४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सोबत किमहोंगचं पत्र आहे. आधी ते वाच, मग हे.

वाचलंस? आता मला उपदेश करायचा नाही, दोनच गोष्टी सांगते. कौल बंद. आईला काही सांगायचं असेल तर तोंडाने सांग, तिला ऐकू येतं. आणि खणातलं यंत्र काढून कानात घाल. शिट्टी वाजली तर वाजू दे. तुझ्या घरात तेकसेंग रोज सकाळी बोलतो आहे, दादा, आणि मी चार दिवस ऐकून आले. काय बोलतो ते मी लिहिणार नाही. ते तुझ्यासाठी आहे.

पक्षीवाला बाराला येईल. मी अडवलेला नाही आणि अडवणार नाही. सोळा दिवस आहेत. जे काय व्हायचं ते तुझ्या हातात आहे, म्हणजे उजव्या हातात, डावा जपून ठेव.

पत्र मिळाल्याचं कळव. तुझ्या मायेची सवय आहे, ती मोडू नकोस.

छाइहा


ताइनान,
१४ जून १९९४

चि. सौ. छाइहास,
अ. आ.

तुझी सणाची टोपली काल पोचली. भात अजून पानात मऊ होता. शेंगदाणे भरपूर घातलेस ते बरं केलंस, निम्मे मला मिळाले.

आधी निकाल सांगतो, नाहीतर तू पत्राच्या शेवटी उडी मारशील. पक्षीवाला रिकामा पिंजरा घेऊन परत गेला. भला माणूस होता, चहा घेतला, म्हणाला की हे पाखरू आता जोडीला बसायचं नाही, त्याची जोडी झालेली आहे. किमहोंगही त्याच्याबरोबर आली होती. थोताउ माझ्या मनगटावर बसलेला बघून ती दारातच थांबली, आत यायला तिला बराच वेळ लागला. बोट शाबूत आहे. नख गेलं, त्याला आता कोण विचारतो.

तुझं आणि तिचं पत्र एकदमच वाचलं. त्या दिवशी जेवलो नाही. संध्याकाळी खण उघडला, यंत्र बाहेर काढलं आणि त्या जागी कोरी ठेवल्या. खण बंद केला. यंत्र कानात घातलं तर नेहमीची शिट्टी सुरू झाली, सुईने मेंदू टोचावा तशी. काढून फेकणार तेवढ्यात पिंजऱ्यातून तीच शिट्टी आली. मी मान वळवली. थोताउ मान वाकडी करून माझ्या कानाकडे बघत होता. मी यंत्र दाबलं, पुन्हा वाजलं, त्याने पुन्हा वाजवली. अर्धा तास आम्ही दोघं शिट्ट्या वाजवत बसलो. तोफूवाली बघून गेली, तिने हातवारे केले नाहीत, नुसतं कपाळाला बोट लावलं. तीन वर्षं ज्या आवाजाला मी वैतागलो, तो पहिल्यांदा कुणाला तरी आवडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उदबत्ती लावली, पेजेचा वाडगा घेऊन नेहमीच्या जागी बसलो. आणि पाठीमागून तेकसेंगने विचारलं, जेवलास का.

चमचा वाडग्यातच राहिला. मागे वळून बघायचं धैर्य झालं नाही. थोडं थांबून त्याने पुन्हा विचारलं. थांबायचा, विचारायचा. तीन महिने रोज सकाळी हेच चाललं होतं आणि मी समजत होतो शिव्या देतो. मला उत्तर देता आलं नाही. तो विचारून विचारून दमला आणि गजाला पाठ करून बसला. दुसऱ्या दिवशी तेच झालं, तिसऱ्या दिवशीही.

छाइहा, तू मला नऊ वर्षं एक खोटं बोलू दिलंस, आणि ते खोटं आहे हे तुला माहीत नव्हतं. म्हणून तुला सांगतो, दुसऱ्या कुणाला सांगायला आता कुणी नाही. त्या दिवशी दुकानात मला ऐकू आलं होतं. तेव्हा माझे कान निम्मे शाबूत होते. तेकसेंग दारात उभा होता, हातात संत्र्यांची पिशवी होती, त्याने दादा, जेवलास का, असं विचारलं. शब्दन् शब्द ऐकला. आईच्या वेळी त्याने चारचौघांत मला बोललेलं मनात होतं. म्हटलं, पुन्हा विचारू दे. एकदा अजून विचारेल, मग मान वर करीन. मी ठोकत राहिलो आणि ऐकत राहिलो, आणि त्याने पुन्हा विचारलं नाही. मान वर केली तेव्हा दारात कुणी नव्हतं. नंतर तू म्हणालीस की दादाला ऐकू येत नाही. मला ते सोयीचं वाटलं. मग कान खरोखरच गेले आणि ते आणखी सोयीचं झालं. तो तिकडे कोरींना विचारत होता, मी इकडे कोरींना विचारत बसलो. चार तासांची वाट होती.

चौथ्या दिवशी सकाळी थोताउने विचारलं. मी वाडगा खाली ठेवला, उठून त्याच्यासमोर गेलो आणि म्हटलं, जेवलो रे. तू जेवलास का?

त्याने डोळे मिटून उघडले. मग खालच्या दांडीवर उतरून आला. पिंजऱ्याचं दार उघडंच होतं. मी उजवं मनगट पुढे धरलं. चोचीने आधी चाचपून बघितलं, तू स्टूल हलवून बघतेस ना, धरेल की नाही, तसं. मग एक पाय ठेवला, मग दुसरा. वजन काहीच नाही त्याचं. एवढासा जीव. मी कितीतरी वेळ हललो नाही, पायांना मुंग्या आल्या तरी.

आता रोज सकाळी विचारतो आणि रोज सकाळी मी सांगतो. छातीवर कापसासारखी पिसं फुटायला लागली आहेत. चावणं अगदी बंद झालं असं नाही, काल कानातलं यंत्र ओढून घ्यायला बघत होता. मी ओरडलो नाही. किमहोंग जाताना म्हणाली की पुढच्या पौर्णिमेला येते, आणि मी काही कौल न लावता ये म्हटलं.

तुला माझा राग आला असेल तर तो ठेव, त्याला हरकत नाही. पण उत्तर दे.

तुझा,
दादा

ता. क. यंत्राच्या बॅटऱ्या संपत आल्या आहेत. तिकडून येताना पाचसहा घेऊन ये. इतक्या वर्षांत कधी लागल्या नाहीत, आता रोज लागतील.